लेक व्हॅम्पायरच्या प्रेमात पडलीय, पुस्तक काढून घेऊ का?

"ताई, आम्ही डॅलसजवळ राहतो, लेक १३ वर्षांची आहे. दोन महिने झाले ती फक्त व्हॅम्पायरच्या लव्हस्टोऱ्या वाचतेय, रात्री पांघरुणात फोनचा टॉर्च लावून. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांनी कव्हर बघितलं आणि म्हणाल्या हे कसलं भुताखेताचं देता पोरीच्या हातात. नवरा म्हणतो वाचतेय ना, वाचू दे, निदान यूट्यूब तरी नाही. काढून घेऊ का? आणि शनिवारी मैत्रिणीकडे स्लीपओव्हर आहे, तिथे ट्वायलाइटचे सगळे सिनेमे ओळीने बघायचा प्लॅन आहे. पाठवू का?"

अगं, काढून घेऊ नकोस. घेतलंस तर ती लायब्ररीच्या ॲपवरून तेच पुस्तक परत घेईल, फक्त तुला कळणार नाही.

मी सिएटलच्या बाजूला राहते, म्हणजे ज्या राज्यात ट्वायलाइटची गोष्ट घडते तिथलीच, आणि माझ्या लेकीच्या वेळेस हे सगळं होऊन गेलंय. पहिलं पुस्तक २००५ चं, चौथं २००८ चं, तेव्हाच्या वाचणाऱ्या पोरी आता स्वतः आया झाल्या तरी नवीन पोरी येतातच. गोष्ट फोर्क्स नावाच्या गावातली, तीन-साडेतीन हजार वस्ती, लाकूडतोडीवर वाढलेलं गाव आणि वर्षाला शंभर इंचाच्या वर पाऊस. लेखिका स्टेफनी मेयर राहायची ॲरिझोनात, तिला ऊन न पडणारं गाव हवं होतं म्हणून इंटरनेटवर शोधून हे काढलं, लिहायला घेतलं तेव्हा तिने ते बघितलंही नव्हतं. लेकीच्या हट्टापायी आम्ही फेरी पकडून गेलो होतो, मला तर सारखी आंबोलीच आठवत होती, फक्त गरम भजी नाहीत.

आता हिरो बघ. दिसायला १७ चा, जन्म १९०१ चा, १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरायला टेकलेला असताना एका डॉक्टरने त्याला व्हॅम्पायर केलं. (तीच साथ आपल्याकडे मानमोडी म्हणून आली होती, सासूबाईंना विचार, त्यांच्या माहेरी कुणाकडून तरी त्यांनी ऐकलेलं असेल.) डॉक्टरांचं घर, मोठा बंगला, मुलगा पियानो वाजवतो, माणसाचं रक्त पीत नाही, आणि लग्नाआधी नको असं मुलगी नाही, तो म्हणतो! खरं सांगू का, रक्ताचा भाग सोडला तर हे स्थळ आपल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं असतं. म्हणजे तुला ज्याची धास्ती आहे तसलं पहिल्या तीन पुस्तकांत जवळजवळ काही नाही. आणि पोरींना तेच आवडतं गं, भीती आहे पण ती आवाक्यातली आहे, समोरचा जीव घेऊ शकतो पण घेत नाही, स्वतःला आवरतो, आणि अख्ख्या शाळेतून त्याला दिसते ती कोण तर धडपडणारी, नवीन आलेली, स्वतःला काहीच विशेष न समजणारी मुलगी. तेराव्या वर्षी सगळ्यांनाच आपण तसे वाटत असतो.

पण आपल्या इकडे वाढलेल्या पोरांना अजून एक गोष्ट लागते असं माझं मत आहे. ते व्हॅम्पायर कुटुंब शाळेच्या कॅफेटेरियात वेगळ्या टेबलावर बसतं, समोर ट्रे असतो पण खात कुणीच नाही. बाहेर चारचौघांसारखं वागायचं, घरात वेगळेच नियम, वेगळंच खाणं, आणि कुणाला फार जवळ येऊ द्यायचं नाही, न जाणो घरचं कळलं तर. आता तुझ्या लेकीचा डबा आठव. माझी लेक दुसरीत असताना मटकीची उसळ तशीच परत आणायची, वर्गातली मुलं वास आला म्हणायची. आठवीत तिने ही पुस्तकं वाचली आणि मला म्हणाली, आई ते लोक आपल्यासारखेच आहेत, त्यांना घरचं बाहेर सांगता येत नाही. मी तोवर पुस्तक उघडलंही नव्हतं, मला कसंनुसं झालं.

म्हणून तू ते वाच. सगळं नको, पहिलं तरी वाच. आणि किसिंगची पानं शोधत बसू नकोस, मला जे खटकलं ते वेगळंच होतं. हा मुलगा तिला न सांगता रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो. तिसऱ्या पुस्तकात तिने दुसऱ्या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या ट्रकच्या इंजिनातला पार्टच काढून ठेवतो! पुस्तकात हे काळजी म्हणून येतं. दुसऱ्यात तो सोडून जातो तर पुढची पानं कोरी, वर फक्त महिन्यांची नावं, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, म्हणजे तो नाही तर हिच्या आयुष्यात काहीच नाही. लेकीला लेक्चर देऊ नकोस, गाडीत दोघीच असताना सहज विचार, तुझ्या मैत्रिणीच्या बॉयफ्रेंडने तिच्या कारमधलं काही काढून ठेवलं तर तू तिला काय सांगशील? माझी तेव्हा चिडली होती, "तुला कळत नाही, त्याचं प्रेम आहे" म्हणाली, आणि दोन दिवसांनी भांडी लावताना स्वतःच म्हणाली की ट्रकचं जरा अतीच होतं. तेवढं बास.

अजून एक. त्यातली लांडगा होणारी मुलं क्विल्यूट जमातीची दाखवलीत, ती खरी माणसं आहेत, फोर्क्सच्या जवळच समुद्रकाठी ला पुशला राहतात. लांडग्यांपासून माणसं झाली ही त्यांची स्वतःची जुनी कथा, व्हॅम्पायरशी वैर वगैरे लेखिकेने जोडलेलं. चपलांवर गणपती छापला की आपण पिटिशन फिरवतो, तेव्हा लेकीला हेही कळू दे.

सासूबाईंचं म्हणशील तर त्यांना यात घेच. कोकणातल्या असतील तर मुंजा, हडळ, गिऱ्हा सगळं पाठ असणार. आपल्या गोष्टींत भुताच्या वाटेला जायचं नसतं, प्रेमात तर नाहीच नाही, पण उर्वशी-पुरूरवा काय आहे मग? अमर अप्सरा, मर्त्य राजा, तिच्या अटी, अट मोडली आणि ती गेली. ऋग्वेदात त्या दोघांचा संवाद आहे, दहाव्या मंडलात, तो विनवण्या करतो आणि ती परत येत नाही. आजीने ही गोष्ट रात्री दिवे बंद करून सांगितली तर नात पुस्तक खाली ठेवून ऐकेल.

खरं लक्ष दुसरीकडे ठेव. ट्वायलाइट संपलं की पोरी परी-ड्रॅगनवाल्या नव्या सिरीजकडे वळतात, आणि त्यातल्या बऱ्याच मोठ्यांसाठी लिहिलेल्या असतात, बेडरूमचे सीन तपशिलात, पण कव्हर फुलाफुलांचं, तेव्हा बाहेरून कळत नाही. एक गाजलेली सिरीज तर आधी टीनएजर्सच्या कपाटात होती, २०२० मध्ये कव्हरं बदलून मोठ्यांच्या कपाटात हलवली. तर नाव बघून लायब्ररीयनला सरळ विचार, हे टीन सेक्शनचं आहे की ॲडल्ट, त्या अजिबात जज करत नाहीत.

आणि शनिवारी पाठव. सगळे सिनेमे पीजी-१३ आहेत, म्हणजे तेराच्या आतल्यांसाठी आईबापांनी जरा बघून घ्यावं असे, पहिला तर निळसर, संथ, तुला झोप येईल असा. फक्त चौथ्या पुस्तकाच्या पहिल्या सिनेमात एक बाळंतपण आहे, ते बघून माझी लेक महिनाभर म्हणत होती मला मुलं नकोत, त्यामुळे तेवढ्याला त्या मैत्रिणीच्या आईला आधी एक मेसेज टाकून ठेव.