डायनोवर पहिल्यांदा जाताना

रिमॅपच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायच्या) आधी डायनो (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं मशीन) करून घ्यायचं ठरवलंस, हे उत्तम केलंस मित्रा. तुझ्या ऑक्टाव्हिया आरएस २३० चे कंपनीने सांगितलेले २३० पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं एकक) इंजिनच्या क्रँकवरचे, म्हणजे ताकद इंजिनातून बाहेर पडते तिथले आहेत. रोलरवर मोजली जाते ती चाकांपर्यंत पोचलेली ताकद. गिअरबॉक्स आणि टायरमध्ये थोडी जिरतेच. म्हणून २०० च्या आसपास आकडा आला तर घाबरू नकोस. "१५ टक्के मिळव" असं सगळे सांगतात, पण तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते दोन वेगवेगळ्या डायनोंचे आकडे शेजारी ठेवून. डायनो भरवशाचा आहे तो आधी-नंतरच्या तुलनेसाठी. त्यासाठी मशीन तेच, गिअर तोच, टायरमधली हवा तेवढीच हवी.

करेक्शन (हवेचा दाब-तापमान धरून आकड्यात केलेली दुरुस्ती) कोणतं लावलंय ते विचारच. एसटीडी आणि एसएई ही त्याची दोन मानकं; एसटीडी हे एसएईपेक्षा साधारण ४ टक्के जास्त दाखवतं. शिवाय पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर, हवा विरळ. ती तूट टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) स्वतःच बरीचशी भरून काढतो. वर करेक्शन लावलं की आकडा फुगतो. त्यामुळे करेक्शनशिवायचा आकडाही मागून घे.

तिथे गेल्यावर:
- किमान तीन रन (म्हणजे मोजण्या) घे. सर्वात मोठा आकडा धरू नकोस, रन एकमेकांशी जुळतात का ते बघ.
- गाडीपुढे दणदणीत पंखा हवाच. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) तापला की प्रत्येक रनला ताकद घसरते.
- नुसता आकडा नको, पूर्ण ग्राफ घेऊन ये.

एअर-फ्युएल रेशो (हवा-इंधनाचं प्रमाण) वगैरे नंतर बघू.