खिडक्यांच्या रंगात शिसे: एडिसनजवळचे जुने घर विकावे की भाड्याने द्यावे?

प्रश्न: न्यू जर्सीत एडिसनजवळ १९५६ साली बांधलेले घर आम्ही २०१४ मध्ये ३,८५,००० डॉलरना घेतले. यंदा जूनमध्ये नव्या घरी राहायला आलो. जुन्याला आज ६,१०,००० येतील. कर्ज २,१०,००० उरले आहे, व्याज सव्वातीन टक्के, हप्ता १,५४०. भाडे ३,१०० मिळेल. घर घेताना केलेल्या तपासणीत खिडक्यांच्या चौकटींवर शिशाचा रंग सापडला होता, तो अहवाल फायलीत आहे. १४ खिडक्या बदलायला १६,८०० डॉलर सांगितले आहेत. ओळखीचे लोक म्हणतात, नवी टेस्ट करू नका, जुना कागद बाहेर काढू नका आणि भाड्याने द्यायचे तर मुले नसलेले जोडपेच बघा. आम्ही काय करावे?

उत्तर: विका, आणि तो अहवाल पहिल्या दिवसापासून टेबलावर ठेवून विका. हिशेबाआधी ओळखीच्यांचा सल्ला निकालात काढू, कारण त्यातल्या दोन गोष्टी तुम्हाला खिडक्यांपेक्षा कितीतरी महाग पडतील.

घरांसाठी शिशाच्या रंगावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधी बांधलेले घर विकताना किंवा भाड्याने देताना काय सांगायचे, हे १९९२ च्या फेडरल कायद्याने ठरवले आणि १९९६ पासून ते लागू आहे. हा कायदा टेस्ट करायला लावत नाही, रंग काढायलाही लावत नाही. तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा, हातात असलेले सगळे अहवाल द्या, एवढेच तो मागतो. त्यामुळे ‘टेस्ट नाही तर सांगायचेही काही नाही’ हा मुद्दा खरोखर काहीच माहीत नसलेल्या मालकाला लागू पडतो. तुम्हाला माहीत आहे आणि तसा कागदही आहे. ही माहिती देण्याच्या फॉर्मवर ‘माहिती नाही’च्या चौकोनात खूण करून सही केलीत तर ती खोटी सही. जाणूनबुजून लपवल्याचे सिद्ध झाले तर खरेदीदाराला नुकसानीच्या तिप्पट भरपाई मागता येते, शिवाय सरकारी दंड दर उल्लंघनामागे २०,००० डॉलरच्या वर जाऊ शकतो. ‘आहे त्या स्थितीत’ विकतो असे करारात लिहिले तरी यातून सुटका नाही. आणि फाइल फाडली म्हणून अहवाल नाहीसा होत नाही. त्याची प्रत तपासणी करणाऱ्याकडे किंवा तेव्हाच्या एजंटकडे असू शकते.

मुले नसलेले जोडपे शोधण्याचा बेत तर सरळ बेकायदा आहे. मुले आहेत म्हणून घर नाकारणे हा फेअर हाउसिंग कायद्याखाली भेदभाव ठरतो, शिशाचे कारण दिले तरीही. शिवाय आज मूल नसलेल्या जोडप्याला पुढच्या वर्षी मूल होऊ शकते, हे वेगळेच.

आता आकडे. वर्षाचे भाडे ३७,२००. तुम्ही कळवलेला प्रॉपर्टी टॅक्स १०,८०० आणि विमा २,१००. कर्जाचे हप्ते १८,४८०. घर रिकामे राहणे आणि दुरुस्ती यांसाठी प्रत्येकी एक महिन्याचे भाडे धरू, म्हणजे ६,२००. बेरीज ३७,५८०. खिशातून ३८० डॉलर जातात, पण हप्त्यांतले सुमारे ११,८०० मुद्दलात जमा होतात, म्हणजे खरी कमाई ११,४०० च्या आसपास. उलट विकले, खर्चाला सहा टक्के धरले आणि कर्ज फेडले, तर हातात साधारण ३,६३,००० येतात. एवढ्या रकमेवर ११,४०० म्हणजे वर्षाला ३ टक्क्यांच्या जरासे वर. त्यासाठी रात्री दोन वाजता तुंबलेल्या नळाचा फोन घ्यायचा. घराची किंमत वाढेल हे खरे, पण त्या आशेवर किती पैसे एकाच छपराखाली ठेवायचे, हा प्रश्न उरतोच. खिडक्यांचे १६,८०० त्यात घातले की जवळपास दीड वर्षाची कमाई गेली.

कराची बाजूही विकण्याकडेच झुकते. गेल्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे तुम्ही दोघे तिथे राहिलात, म्हणून एकत्र रिटर्न भरल्यास ५,००,००० पर्यंतचा नफा करमुक्त. तुमचा नफा खर्च धरूनही त्याच्या निम्म्याहून कमी. घर भाड्याने दिले तरी ही सवलत लगेच जात नाही, पण घर सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत विक्री पुरी व्हायला हवी. या काळातला घसारा, म्हणजे इमारतीच्या झिजेपोटी भाड्याच्या उत्पन्नातून मिळणारी वजावट, मात्र सवलतीत बसत नाही. जमिनीची किंमत वजा जाता इमारत २,५०,००० धरली तर साडेसत्तावीस वर्षांच्या हिशेबाने वर्षाला सुमारे ९,०९० चा घसारा होतो, आणि विकताना त्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर लागतो. तुम्ही घसारा दाखवला नसलात तरी तो घेतला असे धरूनच हिशेब होतो, तेव्हा भाड्याने दिलेत तर तो न विसरता दाखवा.

विक्रीत क्रमाला महत्त्व आहे. खरेदीदार करारात बांधला जाण्याआधी त्याच्या हाती चार गोष्टी पडल्या पाहिजेत: शिशाबद्दल तुम्हाला असलेली माहिती, अहवालाची प्रत, सरकारी पुस्तिका आणि करारातला ठरावीक इशारा. त्याला स्वतः तपासणी करायला दहा दिवस द्यावे लागतात. तो ते लेखी कमी-जास्त करू शकतो किंवा सोडू शकतो, पण तुम्ही ते परस्पर गाळायचे नाहीत. ऑफर आल्यावर घाईघाईने कागद पुढे केलेत तर खरेदीदार किंमत पाडण्यासाठी नेमके तेच कारण धरतो. लिस्टिंगच्या वेळीच अहवाल आणि खिडक्यांचे कोटेशन सोबत ठेवले की वाद १६,८०० भोवती फिरतो. कागद नसेल तर समोरचा मनातला आकडा लावतो, आणि तो नेहमी मोठा असतो.

खिडक्या विक्रीआधी बदलू नका. खर्च केलेला डॉलर किमतीत पुरा परत येतोच असे नाही, आणि खरेदीदाराला कदाचित वेगळ्याच खिडक्या हव्या असतील. सुटलेला रंग मात्र आधी नीट करून घ्या. एफएचए कर्ज (फेडरल सरकारच्या विम्याचे गृहकर्ज) घेणाऱ्या खरेदीदाराच्या मूल्यांकनात १९७८ पूर्वीच्या घराचा सोललेला रंग नोंदला जातो आणि तो दुरुस्त झाल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. खिडकीचा त्रास असा की पल्ला वर-खाली करताना रंग खाचेत घासला जातो, त्याची बारीक धूळ खालच्या पट्टीवर साचते आणि रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. म्हणून कोरडे घासणे किंवा रंग जाळून काढणे नको. घर विकायचे असले तरी हे काम शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र असलेल्याच कंत्राटदाराला द्या आणि त्याची पावती फायलीत ठेवा.

नवी टेस्ट करावी का? जुन्या अहवालात फक्त खिडक्या असतील तर मी करेन. एक्सआरएफ यंत्राने, म्हणजे रंग न खरवडता क्ष-किरणांनी शिसे मोजणाऱ्या यंत्राने, दरवाजे, जिन्याचे कठडे, बाहेरची फळी तपासली जाते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम किंवा जास्त शिसे निघाले तर तो शिशाचा रंग. निकाल वाईट आला तरी सांगावा लागेल, हे मान्य. पण ‘घरभर शिसे असेल’ या भीतीपेक्षा ‘खिडक्यांत आहे, बाकी नाही’ हे बाजारात स्वस्त पडते. दुकानातल्या काडीच्या टेस्टवर पैसे घालवू नका, त्यातून शिसे किती आहे ते कळत नाही.

एवढे होऊनही भाड्यानेच द्यायचे ठरलेत, तर न्यू जर्सीत तपासणी टाळता येत नाही. २२ जुलै २०२२ पासून लागू असलेल्या राज्याच्या कायद्यानुसार १९७८ पूर्वीची भाड्याची घरे दर तीन वर्षांनी किंवा भाडेकरू बदलताना, जे आधी येईल तेव्हा, तपासावी लागतात. पास झाल्यावर मिळणारे लेड-सेफ प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. ते हातात असताना भाडेकरू बदलला तर नवी तपासणी लागत नाही. नुसते डोळ्यांनी पाहून भागेल की धुळीचे नमुने घ्यावे लागतील, हे तुमच्या गावातल्या मुलांच्या रक्त-तपासण्यांच्या आकड्यांवर ठरते, तेव्हा म्युनिसिपालिटीत आधी विचारा. नियम पाळला नाही आणि मुदतीत दुरुस्तही केले नाही तर आठवड्याला १,००० डॉलरपर्यंत दंड. भाड्याच्या घरात मोठे रंगकाम किंवा खिडक्यांचे काम स्वतः करायचे असेल तर मालकालाही प्रमाणपत्र लागते. विम्याची पॉलिसी काढताना शिशाचे दावे वगळले आहेत का ते वाचा, बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात, आणि तसे असेल तर वरच्या ११,४०० ला काहीच अर्थ उरत नाही.

विक्री किंवा भाडे, दोन्हींत सही झालेल्या फॉर्मची प्रत किमान तीन वर्षे जपावी लागते. विक्रीत हा काळ व्यवहार पूर्ण झाल्यापासून मोजतात, भाड्यात करार सुरू झाल्यापासून.