पार्किन्सन्सच्या औषधाच्या ट्रायलमध्ये जावं का? प्लसिबो मिळाला तर वर्ष वाया जाईल का?

नुकतंच निदान झालंय, गोळ्या अजून सुरू नाहीत, डॉक्टरांनी ट्रायलचं विचारलंय आणि नुसता प्लसिबो, म्हणजे खऱ्या औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी, वाट्याला आला तर काय अशी धास्ती आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः पार्किन्सन्सची पेशंट आहे, एका ट्रायलमध्ये होते, म्हणून सांगते.

गोळ्या सुरू न झालेले पेशंट ट्रायलवाल्यांना हवे असतात कारण लेव्होडोपाने, म्हणजे या आजारातल्या नेहमीच्या गोळीने, हालचाल इतकी सुधारते की नवीन औषध आजाराचा वेग कमी करतंय की नाही ते कळेनासं होतं. पण म्हणून गोळ्या लांबवल्या तर आजार जास्त वाढतो का? नेदरलँड्समध्ये 445 पेशंट घेऊन हेच तपासलं, 2019 ला निकाल आला, काहींना लगेच लेव्होडोपा आणि बाकीच्यांना आधी 40 आठवडे प्लसिबो आणि मग लेव्होडोपा, तर 80 आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. पण सुरुवातीच्या काळात गोळ्या घेणाऱ्यांना बरं वाटत होतं हेही खरं. त्यामुळे शर्टाची बटणं लावणं, सही करणं आत्ताच जड जात असेल तर ट्रायलसाठी गोळ्या अडवून धरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या गोळ्या चालू होत्या त्यामुळे मला 'ऑफ' तपासणी असायची, म्हणजे आदल्या रात्रीपासून गोळी बंद आणि सकाळी तसंच जायचं. हे कागदावर एका ओळीत असतं पण प्रत्यक्षात फार कठीण असतं हो, अंग लाकडासारखं झालेलं, पलंगावर कूस बदलता येत नाही आणि त्या अवस्थेत बोटं आपटून दाखवा, मुठी उघडझाक करा, खुर्चीतून उठा, मग डॉक्टर मागून खांदे ओढून तोल बघणार. सोबत घरचं माणूस लागतंच, त्याच्या सुट्ट्यांचा विचार आधीच करा.

प्लसिबोचं म्हणाल तर 2001 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी स्कॅन करून दाखवलं की औषध मिळेल या नुसत्या अपेक्षेनेही पार्किन्सन्सच्या पेशंटच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, सुटतं. म्हणूनच या आजारात प्लसिबो गट नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. एक्सेनाटाइड नावाचं डायबेटिसचं औषध 2017 च्या छोट्या ट्रायलमध्ये आशादायक वाटलं होतं, मग ब्रिटनमध्ये मोठी ट्रायल झाली, लोकांनी जवळजवळ दोन वर्षं दर आठवड्याला इंजेक्शन घेतलं आणि 2025 मध्ये कळलं की आजाराचा वेग काही कमी होत नाही. त्यातल्या एकाचाही वेळ वाया गेला असं मला वाटत नाही, प्लसिबोवाल्यांचा तर मुळीच नाही, नाहीतर आज आपण सगळे ते इंजेक्शन टोचून घेत बसलो असतो.

बरं होण्यासाठी मात्र जाऊ नका, आजार थांबवणारं औषध अजून सिद्ध झालेलं नाही.

संमतीपत्र घरी आणून निवांत वाचा, लगेच सही करायची काही गरज नसते. मध्येच त्रास वाढला तर लेव्होडोपा सुरू करता येईल का, साइड इफेक्ट झाला तर उपचाराचा खर्च कोणाचा, ट्रायल संपल्यावर औषध पुढे मिळणार का आणि मी कोणत्या गटात होते ते कधी सांगणार, हे विचाराच. आणि कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, त्याने तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये, हे तिथे लिहिलंय का तेही बघा.