शिष्टाई, शिष्टमंडळ आणि जिनिव्हातले अभिनंदन

सांगलीच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या वाचकांचा प्रश्न आहे. जिनिव्हातल्या निःशस्त्रीकरण परिषदेत देशोदेशींचे राजदूत शस्त्रबंदीच्या करारांच्या वाटाघाटी करतात. विद्यार्थ्यांकडून ते तिचे अभिरूप अधिवेशन मराठीत बसवून घेत आहेत. भाषणांत ‘शिष्टमंडळ’, ‘शिष्टाई’, ‘शिष्टाचार’ हे शब्द आले की मुले हसतात, कारण त्यांच्या बोलण्यात ‘शिष्ट’ म्हणजे नाक वर करून वागणारा. मग ‘डिप्लोमसी’साठी शिष्टाईऐवजी ‘राजनय’ वापरावा का? आणि प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला अध्यक्षांचे जे लांबलचक अभिनंदन असते, ते मराठीत ठेवावे की गाळावे?

गाळू नका. शिष्टाई हा शब्दही सोडू नका. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

‘शिष्ट’ हा शब्द शास् या धातूपासून आला. शास् म्हणजे शिकवणे, वळण लावणे. शिष्य, शासन, शास्त्र हे त्याचेच गोत. ज्याच्या वागण्याबोलण्याला वळण आहे तो शिष्ट. असा माणूस आपले वळण मिरवू लागला की लोकांच्या डोळ्यांत खुपतो, आणि बोलीतला ‘शिष्टपणा’ तिथून आला. पण शिष्टमंडळ आणि शिष्टाई या शब्दांना तो वास लागलेला नाही. पाणीप्रश्नावर गावाचे शिष्टमंडळ जिल्हाधिकाऱ्यांना भेटले, ही बातमी वाचून साताऱ्यात कोणी हसत नाही. मुलांना एवढे सांगितले तरी पुरेल. ‘निःशस्त्रीकरण’मधले शस्त्र मात्र शास्त्राच्या घरचे नाही. ते शस् म्हणजे मारणे, कापणे या धातूचे. (लिहिताना विसर्ग आणि दीर्घ ‘स्त्री’ दोन्ही ठेवायला सांगा. फलकावर ‘निशस्त्रिकरण’ हमखास होते.)

‘राजनय’ चुकीचा नाही, पण पाठ्यपुस्तकाबाहेर तो मराठीत फारसा रुजलेला नाही. ‘मुत्सद्देगिरी’ रुजलेला आहे, पण त्यात डावपेचाची छटा आहे. मूळचा अरबी मुत्सद्दी म्हणजे कारभार पाहणारा अधिकारी. मराठीत तो धोरणी, चतुर पुरुष झाला. ‘वकील’ हा तर आपला अस्सल जुना शब्द. दरबारादरबारांत मराठ्यांचे वकील असत. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडायला आमच्या साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले ते वकील म्हणूनच. महाराज 1847 मध्ये काशीला वारले, पुढे राज्यही खालसा झाले, तरी रंगो बापूजी 1853 पर्यंत तिथे अर्ज करत राहिले. हा शब्द कोर्टाने आपल्याकडून घेतला याचे मला खरोखर वाईट वाटते. आज ‘भारताचे वकील’ म्हटले की काळा कोटच दिसणार.

राहिली शिष्टाई. हा शब्द मराठी मनात आहे तो कृष्णामुळे. उद्योगपर्वात कृष्ण हस्तिनापुरास जातो, पाच गावांवर भागवा म्हणतो, आणि रिकाम्या हाताने परत येतो. तरी आपण तिला कृष्णशिष्टाईच म्हणतो. तह होवो न होवो, शिष्टाई ती शिष्टाईच. यशाची अट या शब्दात नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना यापेक्षा चपखल शब्द मिळणार नाही, कारण ज्या परिषदेचे सोंग ते आणणार आहेत तिने 1996 नंतर एकही करार तडीस नेलेला नाही. त्याआधी तिनेच रासायनिक अस्त्रांवरच्या बंदीचा करार घडवला, 1997 मध्ये तो अमलात आला. हे सामर्थ्य असलेली परिषद इतकी वर्षे अडून बसावी, याची खंत वाटते.

याच प्रसंगातली एक गोष्ट अभिनंदनाच्या प्रश्नाला थेट भिडते. दुर्योधन जेवायला बोलावतो तेव्हा कृष्ण नाकारतो. दूत काम फत्ते झाल्यावर जेवतात आणि सत्कार घेतात, असे तो सांगतो, आणि विदुराकडे जेवतो. जिनिव्हात याच्या उलट रीत आहे. तिथे काम सुरू होण्याआधीच अभिनंदन होते. ‘आपल्या अध्यक्षतेखाली मी प्रथमच बोलत असल्याने’ अशी सुरुवात, मग अभिनंदन, पूर्ण सहकार्याची ग्वाही, मावळत्या अध्यक्षांचे आभार, एखादे राजदूत बदलून जात असतील तर त्यांना निरोप, कुठे भूकंप झाला असेल तर त्या देशाला सहवेदना. विषय त्यानंतर.

हे पोकळ वाटते खरे, पण हे अभिनंदन व्यक्तीचे नसते. परिषदेचे सदस्य 65. अध्यक्षपद इंग्रजी वर्णानुक्रमाने फिरते, प्रत्येकाकडे चार आठवडे, वर्षात सहा अध्यक्ष. म्हणजे सुमारे अकरा वर्षांनी पाळी येते, आणि ती शत्रूचीही येते. अभिनंदन म्हणजे ‘ही खुर्ची मला मान्य आहे’ एवढी कबुली. ती नाकारणे हेही बोलणेच ठरते. 2011 मध्ये उत्तर कोरियाची पाळी आली तेव्हा कॅनडाने बहिष्कार टाकला. 2018 मध्ये सीरियाने खुर्ची घेतली तेव्हा अमेरिकेचे राजदूत सभागृहातून उठून गेले. शिष्टाचार खरोखरच निरर्थक असता तर तो मोडण्यालाही अर्थ उरला नसता. आपल्या जुन्या पत्रांतला मायना हेच काम करी. ‘राजमान्य राजश्री’ की ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत’, यावरून मजकुराआधीच लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे नाते कळे.

शिवाय गोड प्रस्तावनेनंतर खणखणीत नकार देता येतो. सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराच्या वाटाघाटींत भारताच्या राजदूत अरुंधती घोष यांनी जून 1996 मध्ये, या स्वरूपात भारत सही करणार नाही, असे याच सभागृहात स्पष्ट सांगितले. ऑगस्टमध्ये भारताने सहमती रोखली, आणि मसुदा न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत न्यावा लागला.

या ‘सहमती’बद्दल मुलांना नीट समजवा. तिला ‘एकमत’ म्हणू नका. एकमतात सगळ्यांना गोष्ट पटलेली असते. सहमतीत कोणी उघड हरकत घेतली नाही म्हणजे झाले. साताऱ्या-सांगलीच्या मुलांना ‘बिनविरोध’ म्हटले की लगेच कळेल. कारखान्याची निवडणूक बिनविरोध झाली म्हणून सगळे सभासद खूश असतात असे थोडेच आहे! एकाचा जरी जादा अर्ज राहिला तरी बिनविरोध मोडते, तसेच इथे.

क्रियापदेही जपून निवडा. ‘स्वागत करतो’ म्हणजे पसंती. ‘दखल घेतो’ यात महत्त्व दिल्याची छटा आहे. ‘नोंद घेतो’ म्हणजे ऐकले, पुढे काही बोलणार नाही. भाषणात ‘मी’ कमीत कमी असू द्या. ‘आमच्या शिष्टमंडळाचे मत’ म्हणावे, कारण बोलतो तो देश. ‘महामहिम’ हिंदीतून आलेला, तो टाळा. 2012 मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी देशांतर्गत समारंभांसाठी तो बाजूला ठेवलाच होता. ‘अध्यक्ष महोदय’ किंवा ‘अध्यक्ष महोदया’ पुरेसे आहे, आणि इतरांना ‘सन्माननीय प्रतिनिधी’.

सुरुवात अशी चालेल: ‘अध्यक्ष महोदया, आपल्या अध्यक्षतेखाली आमचे शिष्टमंडळ प्रथमच बोलत आहे. पदग्रहणाबद्दल आपले अभिनंदन. आपल्या कामात आमचे पूर्ण सहकार्य राहील. आपल्या आधीच्या अध्यक्षांनी घेतलेल्या परिश्रमांबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.’ पाकिस्तानची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याने भारताच्या अध्यक्षांपुढे हे एकही शब्द न गाळता म्हणावे, आणि त्यानंतर आपली हरकत नोंदवावी.