थीटा तापमानाला पॉलिमर ब्रश एकदम कोसळतो का?

प्रश्नकर्त्याने विचारलंय: सिलिकॉनवर एका टोकाने बांधलेल्या पॉलिस्टायरीनच्या साखळ्यांचा थर (यालाच पॉलिमर ब्रश म्हणतात) टोल्यूइनमधून सायक्लोहेक्झेनमध्ये नेला, तर ३४.५ अंशांना तो एकदम कोसळेल का, आणि जाडी किती उरेल?

एकदम कोसळत नाही. या मुद्द्यावरून माझे बऱ्याच जणांशी खटके उडाले आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. ३४.५ अंश सेल्सियस हे द्रावणातल्या मोकळ्या, अतिलांब साखळीचं थीटा तापमान. तिथे दोन-दोन घटकांमधलं अपकर्षण आणि आकर्षण एकमेकांना खोडतं. दाट थरात मात्र तीन-तीन घटकांच्या टकरी शिल्लक राहतात, आणि साखळ्या ताणलेल्या राहायला तेवढ्या पुरतात. मोकळी साखळी सगळ्या बाजूंनी आकसते. बांधलेलीला शेजारी आडवं होऊ देत नाहीत, ती फक्त उंची कमी करते. चांगला द्रावक (साखळ्यांना मानवणारा, जसं टोल्यूइन) असो, थीटा असो वा वाईट (न मानवणारा), दाट थराची उंची साखळीच्या लांबीच्या सरळ प्रमाणातच राहते. उंचीच्या सूत्रात ग्राफ्टिंग घनतेचा (एवढ्या क्षेत्रावर किती साखळ्या बांधल्या आहेत त्याचा) घात तेवढा बदलतो: अनुक्रमे १/३, १/२ आणि १. म्हणून तापमानानुसार उंचीचा आलेख बरेच अंश पसरलेली उतरण असतो, पायरी नव्हे.

जाडीचं म्हणाल तर ग्राफ्टिंग घनता न देता हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आधी ती काढा: कोरडी जाडी गुणिले पॉलिमरची घनता गुणिले अ‍ॅव्होगॅड्रो संख्या, भागिले सरासरी रेणुभार. समजा कोरडी जाडी २० नॅनोमीटर, रेणुभार ५०,००० आणि पॉलिस्टायरीनची घनता घन सेंटिमीटरला १.०५ ग्रॅम. उत्तर येतं चौरस नॅनोमीटरला सुमारे ०.२५ साखळ्या, म्हणजे दोन साखळ्यांत साधारण २ नॅनोमीटर अंतर. पूर्ण ताणलेली साखळी सुमारे १२० नॅनोमीटर. म्हणजे टोल्यूइन कितीही चांगला असला तरी हा थर सहापटीवर फुगूच शकत नाही. गंमत अशी की या कमाल मर्यादेत साखळीची लांबी गळून जाते. पॉलिस्टायरीनसाठी ही मर्यादा १.५ भागिले ग्राफ्टिंग घनता (चौरस नॅनोमीटरला साखळ्या) एवढीच उरते. ग्राफ्टिंग घनता ०.५ केली की कमाल तीनपट. ०.२५ ग्राफ्टिंग घनतेवर कोणी दहापट फुगवटा दाखवला, तर मोजणीतलं प्रतिमान चुकलंय किंवा रेणुभार चुकलाय. चमत्कार नाही.

आता मोजणी. आधी सॉक्सलेटमध्ये (ताज्या द्रावकाने पुन्हा पुन्हा धुणाऱ्या उपकरणात) टोल्यूइनने रात्रभर धुवा, नाहीतर नुसत्या चिकटलेल्या साखळ्या कोरड्या जाडीत मोजल्या जातात आणि पुढचं सगळं गणित फसतं. मग निर्वातात १२० अंशांना तापवून मगच कोरडी जाडी घ्या. एलिप्सोमेट्रीत (परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवणावरून जाडी काढण्याच्या पद्धतीत) खरी अडचण टोल्यूइनची आहे: त्याचा अपवर्तनांक १.४९६, पॉलिस्टायरीनचा १.५९. तीनपट फुगलेला थर द्रावकापेक्षा जेमतेम ०.०३ ने वेगळा दिसतो. जाडी आणि अपवर्तनांक दोन्ही मोकळे सोडले की संगणक हवी ती जोडी काढून देतो. म्हणून बंधन घाला: फुगलेली जाडी गुणिले पॉलिमरचा आकारमानी अंश, हे कोरड्या जाडीएवढंच असलं पाहिजे. सायक्लोहेक्झेन १.४२६ वर असल्याने तिथे काम सोपं जातं. तापमान ५० अंशांवरून हळू उतरवा, प्रत्येक टप्प्यावर थांबा, मग परत चढवा. दोन्ही वाटा जुळल्या नाहीत तर थर समतोलात नाही, आणि तुमची 'पायरी' बहुधा तिथूनच आली आहे. क्वार्ट्झ क्रिस्टलवर (कंपनांच्या वारंवारितेतल्या बदलावरून वस्तुमान मोजणाऱ्या स्फटिकावर) जाडी जास्त येते, कारण तो थरात अडकलेला द्रावकही मोजतो. फुगलेल्या, मऊ थराला साऊरब्रे समीकरण (वारंवारितेवरून वस्तुमान काढणारं, कडक थरासाठीचं) लावू नका.

टोल्यूइनमधून थेट मिथेनॉलमध्ये बुडवणारेही भेटतात. मिथेनॉल पॉलिस्टायरीनसाठी वाईट द्रावक. थर आकसतो, आतलं टोल्यूइन निघून जातं आणि तो काचेसारखा गोठतो, कारण कोरड्या पॉलिस्टायरीनचं काचसंक्रमण (ज्याखाली तो काचेसारखा कडक होतो ते तापमान) १०० अंशांच्या आसपास आहे. मग जी रचना दिसते ती तुम्ही कोणत्या वाटेने आणि किती घाईने गेलात त्याची असते.

हे सगळं दाट थरासाठी. साखळ्या विरळ असतील तर वाईट द्रावकात शेजारच्या साखळ्या एकत्र येऊन गोळे बनवतात आणि मध्ये पृष्ठभाग उघडा पडतो. एलिप्सोमेट्री त्याची सरासरी काढून एक पातळ, सपाट थर दाखवते; गोळे पाहायला द्रवातच एएफएम (सूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणारी सूक्ष्मदर्शी) करावं लागतं. शिवाय चांगल्या द्रावकात थराची वरची कड धारदार नसते, पॉलिमरचं प्रमाण वर जाताना पॅराबोलासारखं उतरत जातं, तेव्हा 'उंची' म्हणजे नेमकं काय घेतलंय ते लिहा. विद्युतभारित साखळ्यांना वरचे घात लागू नाहीत, तिथे मिठाचं प्रमाण ठरवतं. आणि मिश्र द्रावकांत अंदाज लावू नका: पॉलिएनआयपीएएम या दुसऱ्या पॉलिमरला थंड पाणीही चालतं, मिथेनॉलही चालतं, पण दोन्ही मिसळले की ठरावीक प्रमाणात तोच ब्रश आकसतो.