आईचा अल्बम सुटेल का?

प्रश्न : ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीतल्या आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला. आईबाबांच्या लग्नाचा, १९७१चा अल्बम लोखंडी ट्रंकेत होता, तो भिजला. तेव्हा चिखल उपसण्यातच जीव गेला. अल्बम उन्हात वाळवून माळ्यावर टाकला. आता बाबा नाहीत. परवा आईनं अल्बम मागितला. काळी पानं, मधे कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर, आणि तो फोटोंना घट्ट चिकटलेला. भाऊ म्हणतो, कॉम्प्युटरवर चेहरे नवे करून घेऊ, आईला काय कळणार आहे! मला पटत नाही. फोटो सुटतील का?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, तो कागद नखानं ओढू नका. माझ्याकडे असे अल्बम घेऊन येणारे बहुतेक जण घरी एखादा कोपरा ओढून पाहूनच येतात, आणि नेमकं तिथंच नवरीचं कपाळ असतं.

कृष्णधवल फोटोत चित्र असतं ते कागदावरच्या जिलेटिनच्या थरात. भिजला की हा थर खळीसारखा होतो आणि वाळताना जे टेकलं असेल त्याला धरून बसतो. पुन्हा भिजवला तर पुष्कळदा सोडतोही. पण आधी प्रत्येक पानाचा, आहे त्या अवस्थेत, खिडकीच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग ज्यात जीव कमी अडकलाय असा एकच निवडा. आहेराच्या भांड्यांचा एखादा असतोच! फोटो धरणाऱ्या कागदी कोपऱ्यांतून काढून, बटर पेपरसकट, पसरट ताटात गार स्वच्छ पाण्यात ठेवा. अर्ध्या तासानं कागद आपणहून सैल होतोय का बघा. सुटला तर चित्र वर ठेवून सावलीत वाळवा, चित्राला फडकं लावू नका.

बुरशीचे डाग असतील तर मात्र पाणी नकोच. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळून जातं. ओठ, कुंकू हातानं रंगवलेलं असेल तर तो रंगही उतरू शकतो. ते फोटो जाणकाराच्या हाती द्या.

आता भावाचं. चौकोनी फोटोंच्या कॅमेऱ्यात १२० नंबरच्या एका रोलवर १२च फोटो निघायचे. लग्नाला दोन रोल म्हणजे चैन. अंतरपाट दूर झाला की एकदाच बटण दाबायचं, मग बाबांच्या मुंडावळ्या वाकड्या का असेनात. कॉम्प्युटर त्या सरळ करील, आईची खाली गेलेली मानही वर करील. आणि पहिल्यांदा कळेल ते आईलाच.

माझंच सांगतो. १९७९ साली माझ्या लग्नात कॅमेरा एका मित्राच्या हातात दिला. रोलची जीभ, म्हणजे फिल्मचं पुढचं टोक, कॅमेऱ्यातल्या चक्रीत अडकलीच नव्हती. आकडा ३६पर्यंत सरकला, फिल्म जागची हलली नाही. जन्मभर लोकांची लग्नं टिपली, घरात स्वतःचं एकही नाही. पुढं १२ वर्षांनी सासुरवाडीच्या शेजाऱ्यांकडं पंगतीचा एक फोटो निघाला. कडेला हिचा अर्धा चेहरा, डोळे मिटलेले, आणि घास भरवणारा एक हात. तो माझाच, हे मनगटावरच्या सासऱ्यांनी दिलेल्या एचएमटीवरून ठरलं. फ्रेम करून लावलाय. ही अजून पाहुण्यांना सांगते, घड्याळ यांचं आहे, हाताची खात्री नाही.

एवढं करा : मोबाइलवरचे फोटो मोठे करून आईला दाखवा. अंतरपाट कुणी धरलाय, मामा कोणते, मागं काठाला कोण उभी आहे, ते विचारून वहीत लिहा. सुटलेल्या फोटोच्या पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, कडेला. बॉलपेनचा वळ पुढं उमटतो.

आणि आहेराच्या भांड्यांचं काय झालं, ते कळवा.