ट्रेलर बघून काटा येतो, मग पिक्चर बघून झोप का येते?

प्रश्न: दादा, मी सेकंड इयरला आहे, सिडकोत राहतो. रात्री जेवणं झाली की मी आणि माझा मोठा भाऊ गेम्सचे जुने ट्रेलर लावून बसतो, असॅसिन्स क्रीड रेव्हलेशन्सचा तर पन्नासदा बघितला असेल. पण त्याच गेमवरचा २०१६चा पिक्चर लावला तर भाऊ अर्ध्यातून उठून झोपायला गेला. हिरो मोठा, पैसा भरपूर, मग काही मिनिटांच्या ट्रेलरमध्ये जे येतं ते दोन तासांत का नाही येत?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: मित्रा, तुझ्या भावाचं काही चुकलं नाही. त्या ट्रेलरमध्ये काय आहे आठव, पांढरी दाढी झालेला गेमचा हिरो एझिओ, बर्फ, गळ्यात फास, आणि समोर त्याला एकट्यालाच दिसणारा दुसरा असॅसिन, म्हणजे त्याच्यासारखाच मारेकरी. बुडापेस्टच्या डिजिक पिक्चर्स या ॲनिमेशन स्टुडिओने बनवलेला आहे तो. हा म्हातारा इथे का आला, पुढे काय होणार, काही सांगत नाहीत, कारण पुढचं तूच करणार असतोस, कंट्रोलर तुझ्या हातात येणार असतो. पिक्चरमध्ये ती सोय नाही, तिथे सगळं समजावून सांगावं लागतं, आणि या पिक्चरने तर अर्ध्याहून जास्त वेळ आजच्या काळातल्या लॅबमध्ये घालवला, जुन्या स्पेनच्या गच्च्यांवरची पळापळ बघायला आलेला माणूस तिथे कंटाळणारच ना.

माझं स्पष्ट मत आहे की खरी अडचण पैशाची नाहीच. गेममधला हिरो अर्धा रिकामा ठेवलेला असतो आणि ती रिकामी जागा आपण भरतो. हेलो या गेमचंच बघ. २००७ला हेलो ३ साठी एक जाहिरात आली होती, तिच्यात कोणी हलत सुद्धा नाही, नुसता लढाईचा डायोरामा, म्हणजे हाताने बनवलेले छोटे छोटे सैनिक, कोणी पडलेला, कोणी ओरडताना तसाच थांबलेला, कॅमेरा त्यांच्यामधून हळूहळू जातो आणि मागे शोपँ या जुन्या संगीतकाराचा पियानो. शेवटी शत्रूच्या पकडीत मान खाली घातलेला गेमचा हिरो मास्टर चीफ, तो डोकं वर उचलतो, बस. चेहरा दिसतच नाही, हेल्मेटच्या आत कोण आहे ते तुला माहीत असतं, तूच असतोस. आणि २०२२ला हेलोवर सिरीज आली तर पहिल्याच एपिसोडमध्ये हेल्मेट काढलं! नट वाईट नव्हता, पण आता आत दुसराच कोणीतरी होता. दोन सीझन होऊन २०२४ला बंद पडली.

पण ट्रेलरला एक सूट मिळते हे पण मान्य केलं पाहिजे, त्याला एकच भावना धरून ठेवायची असते. डेड आयलंड या गेमचा २०११चा ट्रेलर बघ, सुट्टीवर आलेलं कुटुंब, मुलगी हॉटेलच्या खिडकीतून खाली पडते आणि सगळं उलटं चालायला लागतं. मला अजून तो सलग बघवत नाही. पण प्रत्यक्ष गेम झॉम्बींना बडवण्याचा होता, ते दुःख गेममध्ये पण नव्हतं, म्हणजे ट्रेलर स्वतःच्याच गेमच्या पुढे निघून गेला.

आणि आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना हे आधीच कळलं होतं असं मला मनापासून वाटतं. राजा हरिश्चंद्र १९१३चा, पण त्याच्या आधी १९१२ला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडी थोडी फिल्म घेत ‘अंकुराची वाढ’ बनवली, बघता बघता बी चं रोप होताना दिसायचं, आणि ते बघून भांडवल द्यायला माणसं तयार झाली. तो ट्रेलरच होता की! पण त्यांनी हरिश्चंद्र बनवताना वाटाणाच ताणून मोठा नाही केला, त्यासाठी वेगळी गोष्ट घेतली.

जे जमवतात ते हेच करतात. फॉलआउट या गेमवरच्या २०२४च्या सिरीजने गेमचं जग ठेवलं आणि माणसं नवी आणली. लास्ट ऑफ अस या गेमवरच्या सिरीजचा २०२३चा तिसरा एपिसोड गेम सोडून बिल आणि फ्रँक या दोघांचं अख्खं आयुष्य दाखवतो, गेममध्ये फ्रँक आपल्याला जिवंत भेटत पण नाही. भावाला हा एपिसोड एकदा दाखवच, उठणार नाही. आणि तो हेलोचा डायोरामा शोधून लावाल तेव्हा हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर पियानो नीट ऐकू येत नाही.